गुरूविण विद्या

गेल्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली, तिच्याबरोबर भाचाही आला. तो पुण्यात एका लहानशा कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. फराळाचे ताट पुढे होते, चकली खुसखुशीत झाली होती. पण ह्या मुलाचे लक्ष ताटात नव्हते. बहिणीने मला डोळ्यांनी खूण केली. दुपारी सगळी मंडळी लवंडल्यावर मी त्याला ओटीवर गाठले नि विचारले, "काय रे, पगार वेळेवर होतो ना?"

"पगार होतो, मामा. पण तिथं मला शिकवणारं कुणी नाही."

मग त्याने सगळे सांगितले. तो लागला तेव्हा एक अनुभवी गृहस्थ होते, ते दोन महिन्यांत दुसरीकडे गेले. मालकांना गिऱ्हाईक कळते, प्रोग्रॅम कळत नाही. हा एकटा लिहितो. ते चालते. गिऱ्हाइकाचे पैसे येतात. मग अडते कुठे?

"चाललं म्हणजे बरोबर असतं असं नाही ना, मामा! माझं अक्षर वळणदार आहे की गिचमीड, ते मला कोण सांगणार? दहा वर्षं असाच चुकीचं गिरवत राहिलो तर?"

मी पडलो शाळामास्तर. मास्तराच्या पोतडीत अशा प्रसंगाला एक गोष्ट ठरलेली असते. मी त्याला एकलव्य सांगितला. मातीचा पुतळा, रानातला सराव, गुरूवाचून मिळवलेली विद्या. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी हसून म्हणाला, "मामा, पण तू शेवट सांगितला नाहीस. अंगठा गेला त्याचा."

मी गप्प बसलो. ही गोष्ट मी कितीतरी वर्गांना सांगितली आहे, आणि दर वेळी अंगठ्यापाशी आवाज जड करून गुरुभक्तीचा उपदेश केला आहे. पण ज्याला खरोखरच गुरू नाही अशा पोराला ही गोष्ट सांगून आपण कसला धीर देतो, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

त्याचा प्रश्न मला लागला, ह्याला आणखी एक कारण होते. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. ज्या चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या त्या कशा लिहायच्या हे मला कुणी शिकवले नाही. पहिल्या कादंबरीची मुद्रिते आली तेव्हा छापखान्यातल्या मुद्रितशोधकाने एका परिच्छेदाशेजारी शिसपेन्सिलीने बारीकसे प्रश्नचिन्ह काढले होते. तेवढेच काय ते माझे शिक्षण. तेव्हा गुरूवाचून माणूस घडतो की नाही, हा प्रश्न माझाही होताच. आणि उलट बाजूनेही माझाच होता. घडत असेल, तर मी शाळेत कसले वेतन घेतो?

म्हणून वर्षभर सवडीने ह्या धंद्याचा इतिहास वाचीत राहिलो. संगणक मला फारसा कळतो असे नाही. माणसे थोडीफार कळतात. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती इतकी उघड आहे की आधी का सुचली नाही ह्याचेच नवल वाटले. ह्या विद्येच्या पहिल्या पिढीला गुरू असणे शक्यच नव्हते. जी विद्या कालपर्यंत नव्हती तिचा गुरू आणायचा कुठून? मग ती माणसे शिकली कशी?

पहिली आठवते ती एक मास्तरीणच. ग्रेस हॉपर तिचे नाव. जन्म १९०६ चा, येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट, आणि नोकरी व्हासार कॉलेजात गणित शिकवण्याची. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा ही बाई चांगली चालती नोकरी बाजूला ठेवून अमेरिकेच्या आरमारात दाखल झाली. १९४४ च्या जुलैत तिला हार्वर्ड विद्यापीठात पाठवण्यात आले. तिथे मार्क वन नावाचे एक अजस्र गणकयंत्र उभे होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट. असले यंत्र तिने जन्मात पाहिले नव्हते. यंत्राचे प्रमुख हॉवर्ड आयकेन हे कडक गृहस्थ. त्यांनी यंत्र दाखवले, एक अवघड गणित हातात ठेवले आणि आठवड्याभराने उत्तर पाहिजे म्हणून सांगितले! उत्तर हवे होते ते २३ अंकांपर्यंत बिनचूक.

तिला शिकवायला कुणी गुरू नव्हता. पण दोन तरुण अधिकारी होते, रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल. वयाने तिच्याहून लहान, पण तिच्याआधी काही दिवस ह्या यंत्रापाशी बसलेले. त्या पोरांनी तिला वाट दाखवली, आणि सदतीस वर्षांच्या विदुषीने ती मुकाट्याने धरली. पुढे ह्या तिघांनी वह्या ठेवल्या. यंत्राला द्यायचा एखादा आज्ञांचा तुकडा बिनचूक चालला की तो वहीत उतरवून ठेवायचा. दुसऱ्याला तोच लागला तर तो पहिल्याची वही मागून घेणार आणि तुकडा उतरवून काढणार. आमच्या वेळी मुले परीक्षेच्या आदल्या दिवशी एकमेकांच्या वह्या मागत, तसलाच प्रकार.

मग आयकेनसाहेबांनी तिला ह्या यंत्राचे पुस्तक लिहायला सांगितले. आपण कधी पुस्तक लिहिलेले नाही, असे ती म्हणाली. आता तुम्ही आरमारात आहात, असे उत्तर आले! म्हणजे विषय संपला. १९४६ साली ते पाचशेहून अधिक पानांचे पुस्तक निघाले. जिला शिकायला पुस्तक मिळाले नाही तिने दोन वर्षांच्या आत पुढच्यांसाठी पुस्तक तयार केले. मास्तर म्हणून मला हे फार आवडले. पुढे १९५२ साली, माणसाने लिहिलेल्या खुणांवरून यंत्रानेच आपल्या आज्ञा जुळवाव्यात अशी सोय तिने करून दाखवली. आजचे सगळे प्रोग्रॅमर ज्या सोयीवर जगतात तिची ही सुरुवात.

पण माझ्या भाच्याच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळते ते दुसऱ्या एका गोष्टीत. ती गोष्ट सहा मुलींची आहे.

त्या काळी कॉम्प्युटर ह्या शब्दाचा अर्थ माणूस असा होता. हिशेब करणारा, किंवा बहुधा करणारी. अमेरिकेच्या सैन्याला तोफांची कोष्टके लागत. अमुक कोन, अमुक वारा, अमुक दारू, तर गोळा कुठे पडेल? एका गोळ्याची वाट हाताने नि टेबलावरच्या यंत्राने मांडायला एका माणसाला वीस ते चाळीस तास लागत, आणि एका कोष्टकात असल्या हजारो वाटा! फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात, मूर स्कूल ह्या इंजिनियरिंगच्या शाळेत, गणित जाणणाऱ्या मुलींचा एक तांडा दिवसरात्र हे काम करीत होता. त्याच इमारतीत १९४३ पासून जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट हे दोघे एक नवेच यंत्र उभे करीत होते. त्याचे नाव एनिअ‍ॅक. सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, वजन ३० टन, आणि एका सेकंदाला ५,००० बेरजा.

१९४५ साली ह्या यंत्रासाठी सहा जणी निवडण्यात आल्या: कॅथलीन मॅकनल्टी, फ्रान्सिस बिलास, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ आणि रूथ लिक्टरमन. कॅथलीन आयर्लंडच्या डोनेगल परगण्यात जन्मली. तीन वर्षांची असताना अमेरिकेत आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हते, घरची आयरिश तेवढी येत होती. जीन मिझूरीतल्या शेतकऱ्याची मुलगी. बेटीला तर कॉलेजच्या पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकाने सांगितले होते की बाई, तुम्ही घरी बसून मुले वाढवलीत तर बरे. तिने गणित सोडून वृत्तपत्रविद्या घेतली होती. युद्ध आले म्हणून ती पुन्हा आकड्यांकडे वळली.

आता ह्यांचे शिक्षण कसे झाले ते पाहा. आधी त्यांना मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीनला पाठवले. तिथे छिद्रे पाडलेल्या कार्डांची यंत्रे शिकवली. ती जुन्या जातीची. नव्या यंत्राविषयी शिकवणार कोण? परत आल्या तर एनिअ‍ॅकच्या खोलीत जाण्याची त्यांना परवानगीच नाही! काम गुप्त होते आणि त्यांचे परवाने व्हायचे होते. त्यांच्या हातात आराखड्यांचे मोठमोठे कागद देण्यात आले. यंत्र भिंतीपलीकडे, आणि भिंतीअलीकडे ह्या सहा जणी कागदांवर वाकलेल्या. प्रोग्रॅम कसा करावा ह्याचे पुस्तक नाही, वर्ग नाही, कागदावर लिहायची भाषासुद्धा नाही. यंत्राला गणित सांगायचे म्हणजे तारा जोडायच्या नि खटके फिरवायचे. कुठली तार कुठे, हे त्यांनीच त्या आराखड्यांतून शोधायचे.

त्यांनी काय केले? यंत्राचे एकेक अंग घेतले आणि एकमेकींना समजावून सांगितले. मूर स्कूलवर तेव्हा मजला चढत होता. एके दिवशी छत पडते आहे की काय ते पाहायला म्हणून एक गृहस्थ ह्यांच्या खोलीत डोकावले. ते खुद्द जॉन मॉक्ली होते. मुलींनी संधी सोडली नाही. आकडे साठवण्याचा नि बेरजेचा जो भाग अडला होता तो त्यांना विचारला. त्यांनी तो समजावून दिला, आणि पुन्हा अडले तर या म्हणून सांगितले. मॉक्लींनी ह्यांना शिकवले असे म्हणता येणार नाही. त्यांनी दार उघडे ठेवले. पण ज्याने आठ दिवस कागदाशी झुंज घेतली आहे त्याला उघडे दार पुरते. झुंज न घेता दारात उभा राहणाऱ्याला काय विचारायचे हेच कळत नाही. हा अनुभव मी वर्गात रोज घेतो.

पुढे ह्या सहा जणी यंत्राच्या इतक्या जाणत्या झाल्या की बिघाड झाला तर अठरा हजारांतला कुठला व्हॉल्व्ह गेला असेल इथपर्यंत त्या माग काढीत.

१९४६ च्या फेब्रुवारीत एनिअ‍ॅक जगाला दाखवायचे ठरले. युद्ध तोवर संपले होते. तोफगोळ्याची वाट यंत्रावर मांडून दाखवायचे काम बेटी आणि जीन ह्यांच्याकडे आले. रूथ आणि मार्लिन ह्यांनी तेच गणित, यंत्र ज्या क्रमाने करील अगदी त्याच क्रमाने, हाताने सोडवले. पायरीपायरीला यंत्राचा आकडा ह्यांच्या आकड्याशी ताडून पाहायचा. चूक सापडली की ती कुठल्या पायरीवर शिरली ते नेमके कळे. सांगणारा कुणी नसेल तर आपले बरोबर की चूक हे ठरवायचे कसे, ह्या प्रश्नाला मला मिळालेले हे सर्वांत सरळ उत्तर. तेच काम दुसऱ्या वाटेने करून पाहावे.

तरी एक खोड राहिलीच. गोळा जमिनीवर पडला तरी यंत्र थांबेना. ते त्याला जमिनीखाली ढकलीतच राहिले. प्रयोग तर उद्यावर आला. दोघी थकून घरी गेल्या. रात्री झोपेतच बेटीला उमगले. सकाळी ती तडक यंत्रापाशी गेली, हजारो खटक्यांतला एक खटका एक घर सरकवला, आणि गोळा जमिनीवर येऊन थांबला. १५ फेब्रुवारीला जगाने ते पाहिले. खऱ्या तोफेचा गोळा हवेत जितका वेळ राहील त्याहून कमी वेळात यंत्राने त्याची वाट काढून दिली. टाळ्या झाल्या.

आणि मग? मग रात्री मोठी मेजवानी झाली. तिला ह्या सहा जणींना बोलावणे नव्हते. समारंभात त्यांची कुणी ओळखही करून दिली नाही. फेब्रुवारीच्या थंडीत त्या आपापल्या घरी गेल्या. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या मुलींची छायाचित्रे मात्र राहिली, नावांवाचून. १९८० नंतरच्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीने ह्या बायका कोण म्हणून चौकशी केली, तेव्हा तिला सांगण्यात आले की त्या नुसत्या शोभेच्या असाव्यात; शीतकपाटाच्या जाहिरातीत कपाटाशेजारी उभ्या करतात तशा. तिने पाठपुरावा केला, त्या बायकांना शोधून काढले, त्यांचे बोलणे नोंदवून घेतले. १९९७ साली त्या सहा जणींचा जाहीर सन्मान झाला. मधे पन्नास वर्षे गेली होती.

हे वाचले तेव्हा मला भाच्याचा अंगठा आठवला. गुरूवाचून विद्या येते. ती ह्या सहा जणींना आली. पण गुरूचे आणखी एक काम असते, ते आपण विसरतो. 'ही माझी विद्यार्थिनी, हे हिने केले,' असे चार लोकांत म्हणायला कुणीतरी लागते. द्रोणाचार्यांनी अर्जुनाला ओळख दिली आणि एकलव्याचा अंगठा घेतला. ह्या मुलींचा अंगठा कुणी मागितला नाही. पण छायाचित्राखालचे नाव गेले ते अंगठ्यासारखेच गेले. भाचा म्हणतो ती भीती खोटी नाही, एवढे मला कबूल करावे लागले.

अक्षर वळणदार की गिचमीड, ही त्याची दुसरी भीती. तिलाही इतिहासात सोबत आहे. इंग्लंडात केंब्रिजला मॉरिस विल्क्स ह्यांनी एड्सॅक हे यंत्र उभे केले. १९४९ च्या मे महिन्यात ते चालू झाले. विल्क्स म्हणजे त्या खात्याचे प्रमुख. त्यांच्यावर गुरू कोण असणार? चालू झाल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी १२६ ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो काही केल्या बरोबर चालेना. यंत्राच्या खोलीतून टेप भोके पाडण्याच्या खोलीकडे जाताना, जिन्याच्या वळणावर, त्यांना एकाएकी उमगले की आता आपल्या उरल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच चुका शोधण्यात जाणार. पुढे कितीतरी वर्षांनी तो टेप सापडला, अभ्यासकांनी तपासला. त्या १२६ ओळींत सुमारे २० चुका होत्या!

मोठ्या माणसाच्या चुका मोजण्यात मला रस नाही. पण त्यांनी पुढे काय केले ते सांगण्याजोगे आहे. तपासून पक्क्या झालेल्या तुकड्यांचा त्यांनी संग्रह केला आणि दोन सहकाऱ्यांसह १९५१ साली प्रोग्रॅम कसे लिहावेत ह्यावर पुस्तक छापले. ह्या विषयावरचे जगातले ते पहिले पाठ्यपुस्तक समजतात. म्हणजे इथेही तेच. आधी चुका, मग वही, मग पुस्तक.

तिसरी भीती भाच्याने बोलून दाखवली नव्हती, पण बहिणीच्या चेहऱ्यावर मी ती वाचली होती. असल्या कामाला लोक काय म्हणतात? मुलीकडच्यांना काय सांगायचे? तिलाही सोबत आहे. हॉलंडात एड्स्खर डाइक्स्ट्रा म्हणून एक तरुण १९५२ पासून ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमरचे काम करीत होता. शिकत होता भौतिकशास्त्र. १९५५ च्या सुमारास त्याला वाटू लागले की ह्या कामाला शास्त्र म्हणावे असा पायाच नाही. मला कुणी विचारले की तुला काय येते, तर मी काय दाखवू? तो आपल्या वरिष्ठांकडे, फान वाइनखार्डन ह्यांच्याकडे गेला. त्यांनी त्याला ह्या विद्येचे धडे दिले नाहीत. देण्यासारखे फारसे नव्हतेच. ते इतकेच म्हणाले की ही यंत्रे आता जाणार नाहीत, आपण सुरुवातीला आहोत, आणि ह्या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा आणणाऱ्यांत तू का नसावास? त्या एका भेटीने त्याचे आयुष्य ठरले. १९५७ साली त्याचे लग्न झाले. नोंदणीच्या कागदावर धंदा म्हणून त्याने 'प्रोग्रॅमर' लिहिले. ॲम्स्टरडॅमचे अधिकारी ते मानीनात. असला धंदाच नाही म्हणाले! बिचाऱ्याने 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असे लिहिले आणि लग्न पार पडले. पुढे १९७२ साली संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान, ट्युरिंग पुरस्कार, त्याला मिळाला, तेव्हा भर सभेत ही हकिकत त्यानेच सांगितली.

वाचता वाचता मनात आले की हे सगळे साता समुद्रांपलीकडचे. आपल्याकडे काय? आपल्याकडची गोष्ट तर मुंबईतच निघाली.

होमी भाभांनी १९४५ साली स्थापिलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था १९५० नंतरच्या दशकात गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्याच सुमारास विलायतेहून एक संगणक विकत आणला. मुंबईच्या मंडळींनी ठरवले की आपण तो स्वतः बांधायचा. आर. नरसिंहन हे अमेरिकेत गणितात डॉक्टरेट मिळवून १९५४ साली संस्थेत आले. त्यांच्याबरोबर काम करायला जी पोरे जमली ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. नरसिंहन सोडले तर त्यांतल्या कुणी परदेश पाहिला नव्हता, आणि संगणक बांधणे दूरच, वापरलाही नव्हता.

ह्यांचा गुरू कोण? कागद! अमेरिकेत प्रिन्स्टनला फॉन नॉयमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आपल्या यंत्राची रचना सविस्तर लिहून काढली होती, आणि ती कुलूपबंद न ठेवता जगभर जाऊ दिली होती. त्या धर्तीवर ही मंडळी निघाली. पण एकदम मोठे यंत्र बांधायला घेतले नाही. आधी एक लहान नमुन्याचे यंत्र केले. १९५६ साली ते चालू झाले. चुका काय व्हायच्या त्या त्यात होऊन गेल्या. मग मोठे यंत्र हाती घेतले. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, आणि स्मरण २,०४८ शब्दांचे. १९६० च्या फेब्रुवारीत ते कामाला लागले. १९६२ च्या जानेवारीत कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले, तेव्हा त्यांनी त्याचे नाव टिफ्रॅक असे ठेवले.

आजच्या मोजमापाने ते स्मरण किती? एखाद्याच्या खिशातल्या फोनमधले मुलाच्या वाढदिवसाचे एक छायाचित्रसुद्धा त्यात मावणार नाही. यंत्र तयार होईपर्यंत जगात व्हॉल्व्हचा जमाना मागे पडत चालला होता. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेहून मोठा संगणक आला आणि टिफ्रॅकचे काम संपले. मग सगळी मेहनत फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. ज्यांनी संगणक पाहिला नव्हता त्या मुलांनी तो बांधला, चालवला, त्यावर दुसऱ्यांची गणिते सोडवून दिली. पुढच्या यंत्रापाशी ती मुले नवशी म्हणून गेली नाहीत. यंत्र जुने झाले. त्यात मुरलेली माणसे जुनी झाली नाहीत.

उन्हाळ्याच्या सुटीत हे सगळे मी भाच्याला एका लांबलचक पत्रात लिहिले. फोन आहे, पण मला फोनवर धड बोलता येत नाही. पत्राच्या शेवटी मास्तराच्या सवयीने चार कलमे काढली. एक, दुसऱ्याने लिहिलेले चांगले काम समोर घेऊन ओळीओळीने वाच. ते तुझे आराखडे. दोन, आपले उत्तर दुसऱ्या वाटेने ताडून पाहा. तीन, वही ठेव. पक्के झालेले आणि चुकलेले, दोन्ही लिही. चार, उघडे दार शोध; तुमच्या कचेरीत नसेल तर शेजारच्या कचेरीत असेल, पण आधी आठ दिवस झुंजून मग जा. आणि खाली ताजा कलम म्हणून लिहिले की आपल्या कामाखाली आपले नाव घालीत जा. त्यात संकोच कसला?

पत्राला दोन महिने उत्तर नाही. मला वाटले, पोराला उपदेशाचा कंटाळा आला. श्रावणात त्याचा फोन आला. नोकरी त्याने सोडली नव्हती; सोडणारच नाही असेही म्हणाला नाही. वही सुरू केली होती. त्यांच्याकडे एक नवी मुलगी लागली होती, कॉलेजातून नुकतीच आलेली, आणि मालकांनी तिला शिकवायचे काम ह्याच्यावरच टाकले होते.

"मग शिकवतोस ना नीट?" मी विचारले.

"शिकवतो. पण गंमत सांगू, मामा? मी तिला माझी वही दिली. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या जुन्या प्रोग्रॅममधली चूक काढून दाखवली. दोन वर्षं ती तशीच होती, कुणालाच दिसली नव्हती."

"राग आला का?"

"छे! मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, माझं अक्षर कुणीतरी वाचलं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्याला अक्षर तपासणारा गुरू हवा होता. तपासणारी मिळाली ती शिष्या. मला ह्यात नवल वाटायला नको होते. दर जूनमध्ये नवा वर्ग येतो, आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावरची माझी एखादी ऱ्हस्वदीर्घाची चूक कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडून सांगते. पूर्वी मी अशा पोराला खाली बसवीत असे. यंदा जूनमध्ये असेच झाले, तेव्हा त्या मुलीला पुढे बोलावले, खडू तिच्या हातात दिला, आणि दुरुस्त झालेल्या शब्दाशेजारी तिला तिचे नाव लिहायला सांगितले.